गाळाचं ताट

आकाश भरून आलं की आमच्या गल्लीतले लोक गाड्यांवर ताडपत्र्या ओढतात. मी आधी ताट बघतो. स्टीलचं जेवणाचं ताट आहे, काठाला एका जागी चेपलेलं, पाठीवर खिळ्यानं ओढलेली फुली. दुकानात मागच्या खुंटीवर ते बारा महिने टांगलेलं असतं, कुठं जात नाही. तरी मी दोनदा हात लावून बघतो. मग चेंबरचं झाकण उचलायची सळई बघतो. मग पुन्हा ताट. माझा स्वभावच तसा आहे, कुलूप लावून चार पावलं गेलो तरी परत येऊन ओढून बघणारा. पण या ताटाची धास्ती स्वभावातली नाही. ती मला दिली गेली आहे, आणि जिनं दिली तिचे माझ्यावर उपकार आहेत.

माझं गाव इथून लई लांब, किनवटच्या पलीकडं, जिथं निम्मी माणसं तेलुगू बोलतात. सातवीत शाळा सोडली. गरिबी होती, पण गरिबीमुळं सोडली असं म्हटलं तर खोटं होईल. मास्तर उभं करायचे आणि माझ्या तोंडातून शब्द यायचा नाही. पाठ असलेली कवितासुद्धा घशात अडकायची. मागची पोरं कोंबडीसारखा आवाज काढायची. एक दिवस मी गेलो नाही, दुसऱ्या दिवशी गेलो नाही, आणि कुणी विचारलंही नाही. पुढं आठ-दहा वर्षं दुसऱ्यांच्या कापसात आणि वीटभट्टीवर काढली. तिथं तोंड उघडायचं काम नव्हतं, त्यामुळं बरं चाललं होतं. मग भट्टी बंद पडली आणि गावाकडच्या एका ट्रकवाल्यानं मला या शहरात आणून गॅरेजच्या गल्लीत उतरवून दिलं. शहराचं नाव तेव्हा वेगळं होतं. ऊन हेच होतं.

ज्यांनी मला ठेवून घेतलं ते फुलंब्रीचे. रोज मोटरसायकलवर येऊन-जाऊन बॅटरीचं दुकान चालवायचे. गल्लीत ज्याच्या हाताखाली शिकलो तो उस्ताद, मग तो कुठल्याही घरचा असो. म्हणून तेही उस्ताद. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं मनगट धरलं आणि तर्जनी तेजाबात बुडवली. बॅटरीतल्या ॲसिडला आमच्यात तेजाबच म्हणतात. आधी काही वाटलं नाही. मग भट्टीवर बोटाला जिथं जिथं चिरा पडल्या होत्या तिथून आग निघाली.

"ते पाणी नाय, हे कळलं का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "बस्स. आता जन्मात विसरायचा नाय तू."

खरंच विसरलो नाही. आजवर माझ्या डोळ्यात कधी थेंब उडाला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. हे टोमण्यानं लिहीत नाही.

त्या बोटाला दुपारी मावशीनं साय लावली. मावशी म्हणजे गल्लीच्या उताराला, नाल्याच्या काठावर खानावळ चालवणारी बाई. पिशोरकडची. नवरा कधीच गेलेला. दोन खोल्या, पुढच्या खोलीत आम्ही वीस-पंचवीस कामगार पंगतीनं बसायचो, मागं गोठ्यात एक म्हैस. मावशीच्या तोंडाला कारल्याची चव होती. कुणी तिसरी भाकरी मागितली की ती म्हणायची, "कामून, आईनं उपाशी धाडलं व्हय?" आणि न मागता चौथीही टाकायची. माझ्या बोटाला साय लावतानाही ती म्हणाली होती की, देवानं दिलेल्या बोटाची किंमत नसलेला माणूस दहाच्या दहा घालवूनच गावी जाणार.

काही दिवसांनी पंगतीत माझ्यावरनं कुरकुर सुरू झाली. बॅटरीच्या प्लेटांचं शिसं करड्या पिठासारखं असतं. नखात बसतं, आंघोळीनं जात नाही. डेंटिंगवाले म्हणाले, यानं जेवलेलं ताट आमच्यापुढं नको. मावशीनं वाद घातला नाही. एक ताट उचललं, खिळा घेऊन त्याच्या पाठीवर फुली ओढली आणि म्हणाली, "हे ह्याचं. आता गिळा." तेव्हापासून माझं ताट वेगळं घासलं जायचं, वेगळं ठेवलं जायचं. लोक मला फुलीवाला म्हणू लागले. ऐकणारा म्हणेल की वाळीत टाकलं. मला तसं वाटलं नाही. या शहरात माझी म्हणावी अशी ती पहिली वस्तू होती. मी दूर बसलेलो असलो तरी मावशी पंचवीस ताटांतून ते बरोबर उचलायची, म्हणजे मी आलो आहे हे कुणाच्या तरी लक्षात असायचं.

आता गल्लीची रीत सांगतो.

गॅरेजमध्ये विकली जाणारी वस्तू कुणी फेकत नाही. जळकं ऑइल विकलं जातं, तुटकं लोखंड विकलं जातं, फाटलेला टायरही जातो. उरतं ते, ज्याला गिऱ्हाईक नाही. जुन्या बॅटऱ्यांतलं मेलेलं तेजाब आणि तळाचा शिशाचा गाळ, रेडिएटरचं हिरवं पाणी, रंगवाल्याचं थिनर, पार्ट धुतलेल्या डिझेलचा चिखल. कोरड्या दिवसांत हे गटारात सोडलं तर सिमेंट फेसाळतं, वास सुटतो, लोक बोंबलतात. म्हणून ते ड्रमात साठवायचं आणि जोराचा पाऊस लागला की ड्रम आडवा करायचा. "पाण्याला पाणी घेऊन जातं," असं उस्ताद म्हणायचे. कुठं घेऊन जातं हे कुणी विचारत नव्हतं. पावसाळी गटार पावसासाठीच बांधलेलं. त्यात पाऊस जाणार आणि पावसाबरोबर जे जाईल ते जाणार. यात काही चोरी आहे असं कुणाच्या मनात नव्हतं. उलट जो कोरड्यात सोडायचा त्याला गल्ली शिव्या घालायची, की ह्याला रीत कळत नाही.

मग दोन वर्षं म्हणावा असा पाऊस झाला नाही.

नळ आठ-दहा दिवसांनी यायचा, तोही करंगळीएवढ्या धारेनं. टँकर आला की ओळखीच्या बायका अनोळखी होऊन एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. नाला कोरडा ठाक पडला. मावशीनं आणि शेजारणींनी नाल्याच्या पात्रात पुरुषभर खोल झिरा खणला. त्याच्या तळाला वाटीवाटीनं पाणी जमायचं. ते भांड्यांना आणि म्हशीला. त्या दिवसांतही आमच्या ताटात चमचाभर दही पडत होतं ते त्या म्हशीच्या जिवावर. मावशी स्वतः आंघोळ चार दिवसांनी करायची, पण म्हशीची बादली चुकवायची नाही. पंगतीत कुणी यावरनं थट्टा केली तर म्हणायची, "ती दूध देती. तू काय देतो?"

इकडं आमचे ड्रम भरत होते. एक भरला, दुसरा भरला, चौथाही गळ्याशी आला. निळे प्लास्टिकचे ड्रम दुकानामागं उभे. उन्हानं झाकणं फुगायची. प्रत्येकाच्या मागच्या बाजूला हेच. सगळी गल्ली आभाळाकडं बघत होती, शेतकरी बघतो तशी आणि तितक्याच आशेनं.

पाऊस परतीच्या वाटेवर आला. दुपारची जेवणं झाली होती. वेरूळकडच्या डोंगरांवर काळं जमलं आणि तासाभरात असा कोसळला की समोरचं दुकान दिसेना. गल्लीत कुणीतरी शिट्टी मारली. रंगवाला शर्ट काढून नाचला. आणि सगळीकडं ड्रम आडवे होऊ लागले, धब, धब, लग्नात ताशा वाजावा तसे. आमचे चार मी पाडले. उस्तादांनी शिकवलं होतं तसे, वाऱ्याकडं पाठ करून, टाच लावून. दोन वर्षांचं करडं पाणी दुधासारखं जाळीतून खाली गेलं. माझ्या चपलेचा अंगठा विरघळला. मला बरं वाटलं, हे लपवत नाही. घर झाडून काढल्यासारखं वाटलं.

नाला दोन तास वाहिला. झिरा भरला. दुसऱ्या दिवशी पाणी निवळून आरशासारखं झालं, बायकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. आठवड्याभरात काठावर हिरवळ फुटली आणि मावशीनं दोन वर्षांत पहिल्यांदा म्हशीचं दावं सोडून तिला चरायला नेलं. वर पाणी स्वच्छ होतं. गाळ खाली बसला होता, झिऱ्याच्या तळाला आणि गवताच्या बुडख्याला. शिसं जड असतं. हे त्या काठावर एकट्या मला ठाऊक होतं, माझं पोट त्यावरच चालत होतं.

म्हैस आधी दात खाऊ लागली. मग तिला दिसेना झालं. मग ती गोठ्याच्या भिंतीला कपाळ लावून भिंत ढकलत उभी राहिली, तासन् तास, जसं काही पलीकडं कुणी तिला बोलावत होतं. आम्ही जेवायला बसलो की मागून शिंग घासल्याचा आवाज यायचा. जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी पापणी वर करून पाहिली आणि विचारलं की हिनं जुनी बॅटरी, रंगाचा डबा असं काही चाटलंय का. मावशी म्हणाली, गोठ्यात कुठली आली बॅटरी. म्हणता म्हणता तिनं पंगतीकडं बघितलं, सहज बघतात तसं. माझ्या तोंडात भाकरी होती. मी ती गिळली.

तिसऱ्या दिवशी म्हैस पडली. ट्रॉलीत चढवायला माणसं लागणार होती. मावशीनं मलाच हाक मारली. मी भट्टीवरचा, ताकदीचा, म्हणून मागचे पाय मी धरले. मावशी पुढं डोक्याशी होती. तिनं म्हशीच्या कपाळावरचा भिंतीचा चुना पदरानं पुसला, मग आमच्यावर खेकसली की बघत काय बसलात.

त्या दुपारी मी उस्तादांना सांगितलं की ते आपलं होतं, आपल्या ड्रमातलं. ते शिसं वितळवत होते. हातातली पळी खाली न ठेवता म्हणाले, "तू बोललास की दुकानाला टाळं. मग तू कुठं जाणार, किनवटला? तिथं कोण बसलंय तुझी वाट बघत?"

कुणी बसलं नव्हतं. म्हशी मरतातच, असंही ते म्हणाले. संध्याकाळी त्यांनी मला नवी चप्पल घेऊन दिली. मी पायात घातली.

मावशीनं दुसरी म्हैस घेतली नाही. माझ्या ताटात ती भाजी वाढायची, चटणी वाढायची आणि दह्याच्या जागेशी हात थांबायचा. "दही नाय रे आता," असं म्हणायची. तिच्या तोंडून निघणारं तेवढंच एक मऊ वाक्य होतं, आणि ते ती मला रोज दोनदा ऐकवायची. महिनोन् महिने. त्या जागेवर मी कधी भाकरीचा तुकडाही ठेवला नाही. सांगायचं रोज ठरवायचो. पण सांगितलं तर ताट जाईल, आणि ताट गेलं तर या शहरात मी नुसता एक हात-पाय असलेला माणूस उरेन, ही भीती भुकेपेक्षा मोठी होती.

वर्षं गेली. उस्तादांचे गुडघे गेले, दुकान मी बघू लागलो. गल्लीमागची शेतं प्लॉट झाली, प्लॉटांचे फ्लॅट झाले, रस्ते सिमेंटचे झाले. पूर्वी पाऊस मातीत मुरायचा. आता गच्चीवरून रस्त्यावर आणि रस्त्यावरून गटारात धावतच सुटायचा. अर्ध्या तासाच्या सरीनं नाला काठाला लागायचा. येताना शेकडो गाड्यांखालचं तेल आणायचा, कचराकुंड्यांचा रस आणायचा, बांधकामाची करडी धूळ आणायचा. आमच्या गल्लीचं तर असायचंच. मी ड्रम पाडणं थांबवलं होतं का? नाही. रंगवाल्याच्या आधी पाडायचो ते नंतर पाडू लागलो, एवढाच फरक. भंगारवाला प्लेटा नेतो, तेजाब नेत नाही. ते घेऊन मी जाणार कुठं?

एका हिवाळ्यात वॉर्डाच्या निधीचं काय करायचं ते लोकांनी ठरवावं म्हणून रविवारी समाजमंदिरात सभा बोलावली. पुढं दोन कामं होती. एक, गल्लीच्या तोंडाशी दिव्यांची कमान. दुसरं एका इंजिनिअर मॅडमनं सुचवलेलं. पावसाळी गटार नाल्याला मिळतं तिथं तीन कप्प्यांचं चेंबर, म्हणजे गाळ आणि तेल आधीच अडेल. आणि गल्लीच्या कोपऱ्यावर शेड, जिथं प्रत्येकानं आपला ड्रम आणून ठेवायचा आणि दर आठवड्याला गाडी तो घेऊन जाईल. मॅडम सडपातळ होत्या, आवाजही तसाच. त्यांनी आठवडाभर नाला पायी पालथा घातला होता आणि प्रत्येक दुकानात अदबीनं विचारलं होतं की तुमच्याकडं निघणाऱ्या घाणीचं काय करता. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं होतं, आमच्यात घाण निघतच नाही. त्या सगळ्यांत मीही होतो.

सभेत कमान पुढं होती. कमानीचं चित्र होतं, रंगीत. चेंबरचं चित्र म्हणजे नुसत्या रेघा. कुणीतरी विचारलं, "मॅडम, गटाराच्या उद्घाटनाला फीत कुठं बांधायची?" समाजमंदिर हसलं. मॅडम कागद चाळत राहिल्या. मग एकानं विचारलं की गल्लीतनं काही जातं याला पुरावा काय, आणि नगरसेवक म्हणाले की गल्लीवाल्यांपैकी कुणी बोलणार असेल तर बोलावं. उस्ताद काठी टेकत आले होते, माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी माझा गुडघा दाबला. पुढं बायकांत मावशी बसली होती, पाठमोरी.

मी उभा राहिलो. कसा राहिलो ते मला आजही सांगता येत नाही. कानात ती कोंबडी ओरडत होती. मी म्हणालो की आमच्या गल्लीतनं जातं, आणि पाऊस पडला की जातं. आमच्या भरवशावर सोडलं तर आम्ही पावसाची वाट बघू, आणि दंड लावला तर अंधाराची वाट बघू. पण जे न्यायला कुणी येत नाही ते आम्ही सोडणारच. आणि आमचं बंद झालं तरी रस्त्यावरचं तेल, गच्च्यांवरची धूळ, ते कुणाच्या दारात नेऊन टाकणार? गटार सगळ्यांचं आहे, तर त्याच्या तोंडाशी सगळ्यांचा पैसा लागला पाहिजे. कमान बांधलीत तर कमानीखालून पाणी तसंच जाईल. एवढं मी आयुष्यात एका दमात कधी बोललो नव्हतो. तेवढंच बोलून बसायचं ठरवून उठलो होतो.

मावशी वळली. "कंच्या पावसात?" तिनं विचारलं.

उस्तादांनी मागून माझा शर्ट ओढला. मला म्हणता आलं असतं की नेहमीच. ते खोटंही ठरलं नसतं. मावशी माझ्याकडं बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर अजून काही नव्हतं. संध्याकाळचं माझं ताट त्या उत्तरावर होतं.

"म्हैस मेली त्याच्या आधीच्या," मी म्हणालो. "चार ड्रम होते. मी पाडले."

मग माझ्याकडं पाठ करून तिनं मॅडमला विचारलं की ह्या खड्ड्याचा पैसा कुणाचा. मॅडम म्हणाल्या, लोकांनी भरलेल्या कराचा. म्हणजे माझा बी, मावशी म्हणाली. मॅडमनी मान हलवली.

"मी घरपट्टी भरती. नळाला पाणी नसलं तरी नळपट्टी भरती. त्यातनं ह्यांची घाण गाळायची? ओता की ह्यांच्याच घशात."

टाळ्या पडल्या. कमानवाल्यांनी सगळ्यात जोरात वाजवल्या. उस्ताद कितीतरी वेळानं मोकळे हसले. मी खाली बसलो. मला कळलं की मीच माझ्या हातानं मॅडमचं काम मोडलं. गप्प बसलो असतो तर चेंबर एखाद्या मतानं पडलं असतं. आता ते शिवीसकट पडणार होतं.

पण मावशी बसली नव्हती. टाळ्या थांबेपर्यंत ती पदर सारखा करत उभी राहिली.

"वाजवू नका," ती म्हणाली. "माझी म्हैस भिंतीला डोकं लावून उभी होती, तवा हा माझ्या पुढ्यात भाकर मोडत होता. ह्याच्या घशातनं काय बी उतरतं. ह्या समद्यांच्याच. म्हणून त्यांच्या घशावर सोडू नका. खड्डा बांधा. पैसा लोकांचा लागू द्या, माझा बी लागू द्या. पर हात ह्याचे लागू द्या."

मॅडम म्हणाल्या की ठरावात असं कुणाला नेमून देता येत नाही. मावशी म्हणाली, लिवू नका बाई, ह्याला ठाव हाय. मग तिनं स्वतःचा हात वर केला आणि बायकांकडं बघितलं. बायकांचे हात वर गेले. नाल्याकाठच्या वीस-पंचवीस घरांना त्याच झिऱ्याचं पाणी ठाऊक होतं. कमान पुढच्या साली बघू, असं नगरसेवक म्हणाले.

उस्तादांनी मला दुकानातून काढलं नाही. त्यांच्या गुडघ्यांना माझी गरज होती. पण त्यानंतर माझ्याशी बोलताना ते तोंड भिंतीकडं करायचे.

त्या संध्याकाळी मी सवयीनं वेळेवर खानावळीत गेलो. पंगत बसली होती. मावशीनं माझं ताट काढलं, फुली बघून खात्री केली आणि दारातून बाहेर फेकलं. ते आपल्या काठावर गडगडत गेलं आणि पायरीच्या दगडावर आपटलं. चेपलं ते तेव्हा.

"जेवाया नाय ते," ती म्हणाली. "पाऊस पडला की खड्ड्यातलं ह्यात घालून मला दाखवायचं. मी बघीन."

पंगतीतला कुणीतरी हळूच म्हणाला, मावशी, पाणी तरी द्या त्याला. ती भाकरी थापत होती.

"नाल्यात हाय की," ती म्हणाली.

चेंबर पुढच्या उन्हाळ्यात बांधून झालं. शेड झाली. गाडी येते, कधी एक आठवडा चुकते, पण येते. नाला स्वच्छ झाला असं मी म्हणणार नाही. आमच्या वरच्या अंगाला असे कितीतरी उतार आहेत जिथं अजून पाण्याला पाणीच घेऊन जातं, आणि तिथं ना चेंबर आहे ना त्याला निधी. आमच्या तोंडाशी पाणी मातीच्या रंगाचं येतं, एवढंच. मातीच्या रंगाचं पाणी बघत मी उगाच उभा राहतो, हे कुणाला सांगितलं तर हसतील. दर वर्षी वॉर्डात चेंबरच्या देखभालीचा विषय निघतो आणि दर वर्षी कमानीचाही निघतो. मी दर वर्षी उभा राहतो. कोंबडी अजून ओरडते. ओरडू दे.

महापालिकेची माणसं मशीन लावून गाळ काढतात. त्यांच्या आधी मी लांब दांड्याच्या पळीनं ताटभर काढतो. गेल्या पावसाळ्यापर्यंत मावशी स्वतः येऊन एका उलट्या निळ्या ड्रमावर बसायची. मी ताट पुढं धरायचो. ती वाकून बघायची, वास घ्यायची. हळूहळू तिला इंजिनिअरपेक्षा जास्त कळू लागलं. "हे रंगवाल्याचं," म्हणायची. किंवा, "आज कुणीतरी डिझेल सोडलंय." त्या संध्याकाळी ज्यानं सोडलं असेल त्याचं ताट पंगतीत मांडलं जायचं नाही. दोनदा असं झालं, तिसऱ्यांदा व्हायची वेळ आली नाही. सगळी गल्ली ड्रम शेडमध्ये नेऊन ठेवते. दंडाच्या भीतीनं म्हणा, नाहीतर मावशीच्या.

माझ्याशी ती त्याशिवाय बोलली नाही. मी जेवण माझ्या हातानं करतो, दुकानातच, दुसऱ्या ताटात. दही विकत मिळतं, मी आणत नाही. पण पाऊस पडला की या शहरात एक माणूस माझी वाट बघत बसलेलं असतं. घरापासून एवढ्या लांब आलेल्या माणसाला यापेक्षा जास्त काय पाहिजे, असं मी स्वतःला सांगतो, आणि बहुतेक वेळा ते मला पटतं.

या पावसाळ्यात ती आली नाही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय आणि चेंबरपर्यंत चालवत नाही, असं तिच्या भाचीनं सांगितलं. खानावळ आता भाचीच बघते. मी झाकण उचललं, ताट भरलं, पाऊस थांबल्यावर ते दोन्ही हातांवर घेऊन खानावळीच्या दाराशी गेलो. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. दुपारची पंगत बसली होती, नवी पोरं, कुणी माझ्या ओळखीचं नाही. मावशी दाराशी बाजेवर होती. माझ्या पावलांनी तिला कळलं असावं. तिनं हात पुढं केला. मी ताट तिच्या हाताखाली धरलं. तिनं बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं, पुन्हा घासलं. मी बोट धुवायला पाण्याचा तांब्या पुढं केला, तो तिनं बाजूला सारला.

"वरवरचं आणलंस," ती म्हणाली. "तळातलं आण."

मी ताट घेऊन उलटा फिरलो. पाठीमागं पंगतीत भाकरी मोडल्याचा आवाज येत होता.